शाळेची गाडी आणि गाडीखालचा माणूस

(पोस्ट मोठी आहे. शाळेत जाणारं लेकरू घरात असेल तर सवडीनं का होईना, शेवटपर्यंत वाचा.)

मंडळी, जुलैमध्ये आपल्याच तालुक्यात एका शाळेची गाडी उतारावरून थेट बांधात घुसली होती, आठवतं ना? देवाची कृपा, कुणी दगावलं नाही. दोन लेकरांना टाके पडले, एकाचा हात मोडला. बातमी मीच दिली होती. मथळा होता, ‘ब्रेक निकामी झाल्याने स्कूल व्हॅनला अपघात’. शाळेचं नाव इथं घेत नाही, प्रकरण अजून मिटायचं आहे. आणि आजचा विषय ती एक शाळा नाहीच.

बातमी छापून आली त्याच दिवशी संध्याकाळी चौकातल्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ भेटले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मी शाळकरी होतो तेव्हापासून ओळखतात, त्यामुळे अजूनही अरे-तुरे करतात. पेपर माझ्यासमोर धरून म्हणाले, “काय रे, वीस वर्षं झाली तुला लिहायला लागून. ब्रेक निकामी झाला म्हणजे काय झालं?”

मी म्हणालो, “म्हणजे काका, ब्रेक लागला नाही.”

“ते मला बी कळतं. का लागला नाही? ब्रेक काय एका मिनटात फेल होत नसतो बाबा. चाकातल्या सिलिंडरचं रबर जातं, ऑइल थेंब थेंब गळतं, टाकी उतरते. ड्रायव्हरला आधी एकदा दाबून ब्रेक लागायचा, मग दोनदा दाबावा लागतो, मग तीनदा. पंधरा दिवस गाडी ओरडून सांगत असती. कुणाला सांगितलं तिनं? कुणी ऐकलं? ते लिहिलं का तू?”

नव्हतं लिहिलं. खरं सांगायचं तर विचारायचं सुचलंच नव्हतं. ड्रायव्हरचं नाव, वय, पोलीस ठाणं, जखमींची यादी, सगळं होतं बातमीत. ती गाडी शेवटची कुणी उघडली, कधी उघडली, काय बदललं आणि काय ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून ठेवून दिलं, यातलं एक अक्षर नव्हतं.

तेव्हापासून डोक्यात एक भुंगा आहे. शाळांचा इतिहास आपण लिहितो. शिक्षणमहर्षींचे पुतळे बसवतो. पहिला मुख्याध्यापक कोण, पहिली मॅट्रिक झालेली मुलगी कोण, हे गावागावात लोकांना तोंडपाठ असतं. पण ज्या गाडीतून लेकरं शाळेत गेली, ती गाडी चालती कुणी ठेवली? त्या माणसाचा इतिहास कुठंच नाही. गेले दोन महिने जमेल तसं विचारत फिरलो, जुने लोक गाठले. जे हाती लागलं ते इथं मांडतोय.

पिवळी नव्हे, लाल

स्कूल बस म्हटलं की आता डोळ्यांसमोर पिवळी गाडी येते. हा पिवळा रंग अमेरिकेतून आला. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी परिषद भरवली आणि शाळेच्या बस कशा असाव्यात याची मापं, नियम आणि रंग तिथं ठरले. पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळ्यावर काळी अक्षरं लवकर दिसतात, असा साधा हिशोब होता त्यामागं.

आपल्याकडची शाळेची गाडी मात्र कितीतरी वर्षं लाल होती. एसटी. खेड्यातून तालुक्याच्या हायस्कुलात येणाऱ्या पोरांसाठी तीच स्कूल बस. त्यामुळे आपल्या भागातल्या स्कूल बस मेकॅनिकचा इतिहास शोधायचा तर एसटीच्या आगारातच जावं लागतं.

मराठवाड्यात तर ही गोष्ट एसटीच्याही आधी सुरू होते. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्याच्या हाताखाली रस्ता वाहतूक विभाग निघाला तो १९३२ च्या जूनमध्ये. २७ बस आणि १६६ कर्मचारी, एवढ्यावर सुरुवात. गाड्या अल्बियन कंपनीच्या, स्कॉटलंडहून आलेल्या. देशात सरकारनं स्वतः बस चालवायचे जे अगदी सुरुवातीचे प्रयोग झाले, त्यातला हा एक. म्हणजे आपल्या भागातला सरकारी बस मेकॅनिक एसटीपेक्षा सोळा वर्षांनी थोरला.

तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. सुरुवातीच्या त्या ताफ्याची एक गंमत आहे, आणि मेकॅनिकच्या नजरेनं बघितलं तर ती गंमत नाही, डोकेदुखी आहे. शेव्हर्ले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. दहा कंपन्यांच्या गाड्या! युद्ध नुकतंच संपलेलं, जी चॅसी मिळेल ती घेतलेली. आता विचार करा. इंग्लंडच्या गाडीच्या नटाचं माप वेगळं, अमेरिकेच्या गाडीचं इंचातलंच पण दुसरं, फियाटचं मिलिमीटरमध्ये. एका गाडीचा पाना दुसरीला बसणार नाही. सुटा भाग हवा तर बोटीनं येणार. पुस्तकं इंग्रजीत, आणि हातात पाना धरणारा माणूस बऱ्याचदा चौथी-पाचवी शिकलेला.

आपण ज्याला आज ‘जुगाड’ म्हणून हसतो, त्याची पाळंमुळं इथं आहेत. भाग मिळत नाही म्हणून लेथवर घडवायचा. एका मोडक्या गाडीचं काढून दुसरीला बसवायचं. पुढे १९५४ पासून टाटा-मर्सिडीजच्या गाड्या जमशेदपुरात बनायला लागल्या, मद्रासकडे अशोक लेलँड उभी राहिली, बंगळुरात १९५१ साली सुरू झालेली मायको कंपनी डिझेलचे पंप आणि नोझल करू लागली. (आजही जुना मिस्त्री डिझेल पंपाला ‘मायको पंप’च म्हणतो.) मग हळूहळू दहा जातींच्या गाड्यांचे दोन-तीन प्रकार उरले आणि मेकॅनिकच्या पेटीतले पाने कमी झाले.

१९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ मुंबई राज्यात आले. १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६१ ला तिन्हीकडची बससेवा एकत्र होऊन आजचं महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभं राहिलं. आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. या शेवटच्या दोन तारखा शेजारी ठेवून बघा. एकीकडे खेडोपाडी शाळा पोचत होती, दुसरीकडे एसटी पोचत होती. सातवीपर्यंत गावात, पुढचं शिक्षण तालुक्याला. मधलं अंतर कुणी भरून काढलं? लाल गाडीनं.

मुक्कामी गाडी आणि सकाळचा धक्का

चाळिशी ओलांडलेल्यांना मुक्कामी गाडी आठवत असेल. रात्री आठ-नऊला गावात यायची, पारापाशी उभी राहायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओसरीवर झोपायचे. सकाळी सहा-साडेसहाला हीच गाडी दुधाचे कॅन, बाजारकरू आणि शाळेची पोरं घेऊन तालुक्याला निघायची.

आता यातली खरी परीक्षा कुणाची? हिवाळ्यातल्या पहाटे, आगारापासून तीस किलोमीटरवर, एकटी उभी असलेली गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली पाहिजे. बॅटरीचं पाणी, सेल्फचे कार्बन, डिझेलच्या पाइपात हवा शिरू नये म्हणून आवळलेला नट, हे सगळं आदल्या दिवशी आगारात कुणीतरी बघितलेलं असलं तरच. नाही झाली चालू, तर आम्ही पोरं होतोच. दप्तरं पारावर ठेवायची आणि ‘हो... हैय्या’ करत धक्का मारायचा. ढकलून चालू झालेल्या गाडीत बसायची मजा वेगळीच होती, हे कबूल. पण त्या वयात हे कळत नव्हतं, की ज्या दिवशी धक्का मारावा लागत नाही तो दिवस आपोआप येत नाही.

माझं स्वतःचं सांगतो. दहावीचं वर्ष. बोर्डाचा गणिताचा पेपर अकराला. आमची गाडी अर्ध्या वाटेत ओढ्याजवळ एका अंगावर कलली आणि थांबली. पाट्याचा मुख्य पान तुटलं होतं. एका बाजूचे पाटे बसले की गाडी चालवता येत नाही, चाक बॉडीला घासतं. गाडीत आम्ही सातजण दहावीचे. त्यातली एक मुलगी रडायला लागली, मग आम्हालाही रडू फुटलं. मोबाईल तर नव्हताच, फोनसुद्धा जवळ नव्हता. कंडक्टरनं एका मोटारसायकलवाल्याला आगाराकडे पिटाळलं.

पाऊण तासात आगाराची व्हॅन आली. दोघं उतरले. एकानं जॅक लावला, लाकडी ठोकळे सरकवले आणि धुळीत उताणा पडून गाडीखाली गेला. यू-बोल्ट तापलेले होते, हात भाजत होता, तरी काम थांबलं नाही. दुसऱ्यानं आमच्याकडे बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, “लेकरं आमच्या व्हॅनमधी घ्या, आधी परीक्षेला सोडा. गाडीचं मी बघतो.” आम्ही सातजण पाने, जॅक आणि ग्रीसच्या डब्यांवर बसून परीक्षेला गेलो. पेपर सुरू व्हायला दहा मिनिटं होती. माझ्या उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर काळ्या ग्रीसचा अंगठा उमटला होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे.

गाडीखाली गेलेला तो माणूस कोण होता, मी कधी विचारलं नाही. टपरीवर मला झापणारे काका म्हणाले, “आम्हा तिघांतला कुणी असेल बाबा. असले कॉल रोज यायचे.”

ती वही

या लोकांचं शिक्षण कसं झालं, तेही विचारलं. जुनी पिढी हेल्पर म्हणून लागली आणि बघून शिकली. उस्तादानं पाना मागितला की बघताच माप ओळखून तोच हातात द्यायचा, ही पहिली परीक्षा. चुकलं तर शिवी, कधी पाठीत धपका. देशात १९५० पासून आयटीआयची योजना आली, १९६१ ला अप्रेंटिस कायदा झाला. मग डिझेल मेकॅनिक, मोटर मेकॅनिक असे ट्रेड शिकलेली पोरं आगारात उमेदवारीला येऊ लागली. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या घरातली पहिली पगाराची नोकरी हीच होती. मोठ्या कामाला दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळा. तिथं इंजिनं उलगडून नव्यानं भरली जात, चॅसीवर बॉडी बांधली जाई.

या कामाची किंमतही होती. त्या काळी ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडला की आत झिजलेल्या लायनरची राखाडी भुकटी साचलेली. ती साफ कशी करायची? हवेच्या पाइपनं फुंकर मारून! ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि वीस-तीस वर्षांनी त्रास देते, हे जगाला कळलेलं होतं. पिटमध्ये उभ्या असलेल्या माणसाला ते कुणी सांगितलं नव्हतं. काका बोलता बोलता दर दोन वाक्यांना खोकतात. कशानं ते मी डॉक्टर नसल्यामुळे सांगू शकत नाही. ते स्वतः मात्र हसून म्हणतात, “फुकट फुंकलं ना एवढी वर्षं.”

पण त्यांनी सांगितलेली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि या पोस्टचं सार तेच आहे. ती म्हणजे वही.

एसटीत ड्रायव्हर गाडी आगारात लावताना गाडीची तक्रार कागदावर लिहून देतो. ‘ब्रेक डावीकडे ओढतो’, ‘क्लच घसरतो’, ‘हवा उतरते’. वर्कशॉपमधला माणूस ते काम करतो आणि खाली सही करतो. ठरावीक किलोमीटर झाले की तक्रार असो वा नसो, गाडी पिटवर घ्यायचीच. एअर टाकीतलं पाणी काढायचं, लायनर किती उरलं ते बघायचं, ढिला झालेला ब्रेक परत लावून घ्यायचा, ग्रीस मारायचं. उद्या काही झालं तर कागद बोलतो. कुणी तक्रार केली होती, कुणी काम केलं, कुणी केलं नाही.

एसटीत सगळं सोन्यासारखं होतं असं मी म्हणत नाही. सामान नसायचं, गाड्या म्हाताऱ्या, खोट्या सह्याही होत असतील. प्रवासाला गेलेला कुणीही एसटीबद्दल तासभर कुरकुर करू शकतो, मीही करतो. पण लेकरं नेणाऱ्या गाडीखाली जाणारा माणूस सापडण्याची एक जागा होती. त्याला हुद्दा होता, सही होती, वरचा साहेब होता.

मुलींचा पास

आता याचा शिक्षणाशी थेट संबंध बघा. विद्यार्थ्यांना एसटीच्या पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. ग्रामीण भागातल्या मुलींसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आली. आधी पाचवी ते दहावी आणि पुढे बारावीपर्यंत पास मोफत. मग २०११-१२ पासून मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत खास मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी बस आल्या, सुरुवातीला तालुक्यामागे पाच. त्या निळ्या गाड्या तुम्ही बघितल्याच असतील.

पास फुकट झाला, पण गाडी वेळेवर आली तरच त्या पासाला अर्थ. खेड्यातल्या बापाचा हिशोब अगदी सरळ असतो. संध्याकाळी साडेपाचची गाडी आली नाही, पोरगी रात्री आठला कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून घरी आली. एकदा झालं, चालतं. महिन्यात तीनदा झालं, की चुलते-मामे बसतात आणि ठरतं, “बस झालं शिक्षण.” शाळा सोडल्याच्या कारणात ‘घरगुती अडचण’ लिहिलं जातं. ‘क्लच प्लेट गेली होती आणि स्टोअरला शिल्लक नव्हती’ असं कुणी लिहीत नाही.

याचा मोठा प्रयोग आपण डोळ्यांनी बघितला. कोरोनात दीड वर्ष शाळा बंद राहून २०२१ च्या ऑक्टोबरात ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग उघडले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. संपात ड्रायव्हर-कंडक्टरसोबत वर्कशॉपची माणसंही होती. त्यांच्या मागण्यांवर तेव्हा मी लिहिलंय, पगार बघितले तर राग येणं स्वाभाविक होतं. पण त्या काळात आपल्या तालुक्याच्या आडवळणाच्या वाड्या-तांड्यांवरच्या ज्या मुलींची शाळा सुटली, त्यातल्या काही परत आल्याच नाहीत. दोघींच्या लग्नाला मी स्वतः जेवून आलोय. आज लिहिताना तो घास आठवतो.

पिवळी गाडी आली, वही राहिली मागं

दरम्यान इंग्रजी शाळा आल्या, आणि त्यांच्यासोबत व्हॅन, मिनीबस, पिवळ्या गाड्या. पालकांना घरापासून घरापर्यंत सोय हवी होती, त्यात काही गैर नाही. माझी मुलगीही अशाच गाडीनं जाते.

नियमांचा इतिहासही सांगतो. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुलं गेली. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयानं स्कूल बसबद्दल कडक आदेश दिले. वेगमर्यादा आली, वेगाला लगाम घालणारं यंत्र आलं, ड्रायव्हरच्या अनुभवाची अट आली. आपल्या राज्यानं २०११ मध्ये स्कूल बससाठी स्वतंत्र नियमावली केली. प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी असं त्यात आहे. नियम चांगले आहेत. ती समिती कुणाची? मुख्याध्यापक अध्यक्ष. पालकांचा प्रतिनिधी. वाहतूक पोलीस. आरटीओचा निरीक्षक. शिक्षण खात्याचा अधिकारी. बस कंत्राटदाराचा माणूस. स्थानिक संस्थेचा प्रतिनिधी.

यादी पुन्हा एकदा वाचा. गाडीखाली जाणारा माणूस यात आहे का?

फिटनेसचा शिक्का असतो, मान्य. पण नवी गाडी असेल तर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांच्या पुढची असेल तर वर्षानं एकदा. दोन शिक्क्यांच्या मधले शेकडो दिवस ती गाडी कुणाच्या भरवशावर पळते? बायपासवरच्या गॅरेजमधल्या पंचवीस वर्षांच्या पोराच्या.

अशा दोन-तीन गॅरेजवर जाऊन बसलो. पोरं हुशार आहेत, हाताला वळण आहे. त्यांच्या अडचणी ऐका. २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत सगळं सेन्सरवर. पूर्वी नोझल उघडून, फुंकून बसवता यायचं. आता स्कॅनर लावल्याशिवाय दोष कळत नाही, धुरावर उतारा म्हणून युरियाचं पाणी भरावं लागतं, आणि चांगल्या स्कॅनरची किंमत त्यांच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी. नकली पार्ट असली डब्यात येतात. आणि सगळ्यात मोठं दुखणं, गिऱ्हाईक. एकानं सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो:

“दादा, लायनर संपत आलंय हे मी दाखवतो. मालक म्हणतो, दिवाळीपर्यंत काढ. मी जास्त बोललो तर गाडी दुसऱ्या गॅरेजला जाते. उधारी बी त्याच्याकडंच अडकलेली. काही झालं तर पोलीस ड्रायव्हरला धरतात. मला कुणी विचारत नाही. विचारलं तर दाखवायला माझ्याकडं बी काय कागद आहे?”

दोष या एकट्या पोराचा नाही. मालकाचं म्हणणंही ऐकलं. शाळा भाडं वाढवू देत नाही, पालक शंभर रुपये वाढले तरी गट करून भांडायला येतात, डिझेल कुठल्या कुठं गेलं. आता शाळेनं कंत्राटदाराकडे बोट दाखवायचं, कंत्राटदारानं गॅरेजकडे, गॅरेजवाल्यानं मालकाच्या उधारीकडे, आणि आम्ही पत्रकारांनी लिहायचं ‘ब्रेक निकामी’. म्हणजे जणू देवाची करणी!

नव्वद वर्षांत आपण दहा कंपन्यांच्या पान्यांपासून सेन्सरपर्यंत आलो. गाड्या कितीतरी चांगल्या झाल्या. हरवली ती फक्त वही. तक्रार लिहिणारा, काम करणारा आणि सही करणारा, अशी जी साखळी एसटीच्या कळकट वर्कशॉपमध्ये होती, ती चकाचक पिवळ्या गाडीच्या मागं नाही.

आपण काय करू शकतो

मोठमोठ्या मागण्या करत नाही. येत्या पालक सभेत चार गोष्टी विचारा.

एक, आमच्या गाडीची दुरुस्तीची वही आहे का? नसेल तर साधी शंभर पानी वही आजपासून सुरू करा. रोज ड्रायव्हरनं दोन ओळी लिहायच्या.

दोन, गाडी कोणत्या मेकॅनिककडे जाते? काम झालं की तारीख, किलोमीटर, काय बदललं आणि त्याची सही.

तीन, परिवहन समितीची बैठक होते का, आणि त्या बैठकीला वर्षातून दोनदा तरी मेकॅनिकला बोलवाल का? त्याला खुर्ची द्या, चहा द्या आणि मोकळेपणानं बोलू द्या. मालकासमोर जे तो बोलू शकत नाही ते सात माणसांत बोलेल.

चार, लायनर, टायर, ब्रेक ऑइल यांचा खर्च शाळा, मालक आणि आपण पालक मिळून कसा उचलणार? सुरक्षित गाडी हवी आणि भाडं तेच हवं, हे दोन्ही एका वेळी जमणार नाही. मी माझ्यापुरतं जास्तीचे पैसे द्यायला तयार आहे.

मी स्वतःशी ठरवलेलंही जाहीर सांगून टाकतो, म्हणजे मला मोडता येणार नाही. यापुढे माझ्या बातमीत नुसतं ‘ब्रेक निकामी’ असणार नाही. गाडी शेवटची कधी उघडली, कुणी उघडली आणि तक्रार आधी कुणाच्या कानावर गेली होती, एवढं विचारल्याशिवाय बातमी पाठवणार नाही.

काकांना ही पोस्ट आधी वाचून दाखवली. नाव टाकू का विचारलं तर म्हणाले, “नको बाबा. लोक म्हणतील म्हातारा मिरवायला लागला.” मग थोडा वेळ गप्प बसले. आणि उठताना विचारलं, “त्या हात मोडलेल्या लेकराचं प्लास्टर निघालं का रे?”

मला माहीत नव्हतं. उद्या सकाळी त्याच्या घरी जाणार आहे.

तुमच्या वेळच्या शाळेच्या गाडीची, आगारातल्या मिस्त्रीची आठवण असेल तर खाली लिहा. आणि तुमच्या लेकराच्या गाडीची वही असेल तर तिचा फोटो जरूर टाका. कुणाकडे आहे ते तरी कळू दे.